बांगडे फ्रिजमध्येच राहिले

मला कुणी "तू जरा आराम कर" म्हणालं की माझं डोकं फिरतं. आराम कर म्हणणारा माणूस बोलून झालं की लगेच मांडी घालून बसतो आणि ताटाची वाट बघतो, हा माझा अठ्ठावीस वर्षांचा अनुभव आहे. म्हणून लेकीनं इंग्लंडहून फोन करून सांगितलं की आई, तू नि बाबा येताय तर एक शनिवार-रविवार आपण बाथला जाऊ, जुनं शहर आहे, काही करायचं नाही, नुसता आराम, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला की राहायच्या घरात स्वयंपाकघर आहे का. ती म्हणाली, आहे. मी म्हटलं, मग कळलं मला काय आराम आहे तो.

आम्ही भिवंडीजवळच्या शेलारचे. भातशेती होती, तिच्यावर आता गोदामं उभी आहेत. नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि मी गावच्या अंगणवाडीत. तीस पोरं एका खोलीत सांभाळते, त्यामुळे माझा आवाज मोठा आहे आणि जीभ तिखट, असं घरचे म्हणतात. म्हणोत. लेक एकुलती एक, बर्मिंगहॅमला नर्स आहे. जावई कल्याणचे, कॉम्प्युटरमधले, गरीब स्वभावाचे. ते मला आई म्हणतात आणि माझ्यासमोर मोबाईल खाली ठेवतात, एवढं मला पुरे आहे.

पण त्याच फोनवर लेक आणखी एक गोष्ट बोलून गेली. तिथं जमिनीतून गरम पाणी येतं म्हणे, आपल्या गणेशपुरीसारखं. इमारतीच्या गच्चीवर त्या पाण्याचा तलाव केलाय, तिकीट काढून दोन तास आत बसायचं. हे ऐकलं आणि मी फोन नवऱ्याच्या हातात दिला. नवऱ्यानं विचारलंसुद्धा, आज इतकी शांत कशी. मी म्हटलं, काही नाही, अंगणवाडीतल्या पोरांचं काहीतरी.

ते काय होतं ते आता सांगते. आमच्या घरची रीत आहे, भात झोडून झालं की थंडीतल्या एका रविवारी सगळं खानदान टेम्पो करून वज्रेश्वरीला जातं. शेती गेली, भात गेलं, रीत राहिली. आधी देवीचं दर्शन, मग गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं. नदीच्या काठाला तीन दगडांची चूल मांडायची, देवीचा नैवेद्य तिथं शिजवायचा, आणि त्यानंतर त्याच चुलीवर गावठी कोंबडी नि तांदळाच्या भाकऱ्या. ही चूल घरच्या थोरल्या सुनेनं पेटवायची. आणि नैवेद्याची चूल एकदा पेटली की शेवटचा माणूस जेवून उठेपर्यंत पेटवणारीनं ती सोडून जायचं नाही. लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासूनं माझ्या हातात उलथनं दिलं आणि म्हणाली, आता ही चूल तुझी. मी नवी होते, मला तो मान वाटला.

मान कसला, बांधून घातल्यासारखं झालं. पुरुष एका कुंडावर जायचे, बायका-पोरी दुसऱ्यावर. मी धुरात. बायकांच्या कुंडावरून हसण्या-खिदळण्याचा आवाज यायचा. माझी धाकटी जाऊ, माझ्या नणंदा, सगळ्या तासाभरानं यायच्या, गाल लाल, केस ओले, चालण्यात एक सुस्ती आलेली. काय बरं वाटलं गं वहिनी, असं म्हणत माझ्यासमोर बसायच्या आणि मी भाकरी टाकायची. सगळ्यांचं होईपर्यंत चार वाजायचे. मग करपलेली भांडी घासायची आणि टेम्पोवाला हॉर्न मारायचा. अठ्ठावीस वर्षं. गुडघे धरले, कंबर धरली, डॉक्टरनं शेक घ्या सांगितलं, तरी त्या पाण्यात माझं पाऊलसुद्धा भिजलं नाही.

कुणी म्हणेल, गणेशपुरी काय लांब आहे, एसटी जाते, एखाद्या दिवशी एकटी जायचं. खरंय. मला कुणी दोरीनं बांधलं नव्हतं. पण घरात सांगायचं काय? बाजाराला जाते सांगता येतं, माहेरी जाते सांगता येतं. गरम पाण्यात बसायला जाते, कशासाठी, तर माझ्या मनात आलंय म्हणून, हे वाक्य आमच्या घरात आजवर एकाही सुनेनं उच्चारलेलं नाही. मीही नाही. याचा मला राग येतो, आणि तो राग निम्मा माझ्यावरच आहे.

तर निघालो. विमानतळाच्या वाटेवर कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकलो तेव्हा नवरा म्हणाला की विमान चुकणार. माझ्या पायाशी बॅग होती, तिच्यात तांदळाचं पीठ, घरचा मसाला, आमसुलं आणि छोटा कुकर. कुकर त्यानं घ्यायला लावला होता. वाईट नाही माझा नवरा, हे आत्ताच सांगून ठेवते. दारू नाही, शिवी नाही, लेकीला शिकवली, तिच्या पसंतीचं लग्न लावून दिलं. फक्त भूक लागली की त्याला जगात दुसरं काही दिसत नाही.

बाथ छान आहे, खोटं कशाला बोलू. सगळी घरं एकाच पिवळसर दगडाची, रस्ते स्वच्छ, आणि कुठेही भिवंडीसारखी कापडाच्या लूमची खटखट नाही. पहिल्या रात्री त्या शांततेनं मला झोपच आली नाही. शुक्रवारी पोचलो तेव्हा लेकीनं रोमन लोकांनी बांधलेलं जुनं कुंड दाखवलं. हिरवं पाणी, वाफ, बाजूला खांब, आणि लोक कानाला यंत्र लावून बघत फिरतायत. पाण्याला हात लावायचा नाही. नवऱ्यानं वाकून बोट बुडवायला हात पुढे केला तर तिथला माणूस धावत आला. नवरा मला म्हणाला, एवढं पाणी आणि नुसतं बघायचं, येडी लोकं हायेत. नुसतं बघायची सवय मला होती.

परत येताना त्यानं एका दुकानात बर्फावर बांगडे बघितले. झालं. चार बांगडे घेतले, आणि उद्या कालवण नि भाकरी, असं जाहीर करून टाकलं. जावई म्हणाले, बाबा, उद्या बाहेरच जेवू. नवरा म्हणाला, बाहेरचं काय, उकडलेले बटाटे? आईच्या हातचं कालवण खा, इंग्लंड विसरशील.

शनिवारी दहाची वेळ होती गच्चीवरच्या तलावाची. लेकीनं चौघांची तिकिटं काढली होती आणि प्रत्येकाच्या मोबाईलवर पाठवली होती, कुणी चुकलं तर असावं म्हणून. माझ्यासाठी पोहायचे कपडे आणले होते, काळे, बाह्यांचे, खाली गुडघ्यापर्यंत विजार. दुकानात बायकांच्या रांगेत उभं राहून तिनं माझं माप आठवलं असणार. तिनं ते माझ्यासमोर पलंगावर ठेवले आणि माझ्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात नवरा आत आला. त्यानं कपडे बघितले आणि हसला. म्हणाला, तुझ्या आईला असलं न्हाय आवडत, ती थांबंल घरी, आपण येईपर्यंत जेवण तयार. त्यात वाईट हेतू नव्हता. सूर्य पूर्वेला उगवतो हे सांगावं तसं त्यानं सांगितलं.

लेकीनं मला विचारलं, "आई, खरंच नको?"

आणि माझ्या तोंडातून निघालं, "नको गं, जा तुम्ही."

मी म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही. अठ्ठावीस वर्षांची सवय लागलेलं तोंड, मला न विचारता बोललं. लेकीनं कपडे पलंगावरच राहू दिले, मग तिघं गेली. दार बंद झालं.

मी कामाला लागले. बांगडे साफ केले, मीठ-हळद लावली. भाकरीसाठी उकड काढायला पाणी ठेवलं. तिथली शेगडी बिनआगीची, काचेची, तापली की नाही ते कळत नाही. मी पाण्याकडे बघत उभी राहिले. त्यातून वाफ यायला लागली. आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला की मी सातासमुद्रापार आले, विमानात नऊ तास पाय सुजवले, थंडीत दात वाजवले, आणि उभी कुठं आहे तर चुलीपुढे. ती तिघं पाण्यात, मी चुलीपुढे. इथं तर नैवेद्यही नाही, देवीही नाही, कुठली रीतही नाही. इथं मला कुणी काय म्हणणार होतं? बांगडे?

मला भयंकर संताप आला. मी एकटीच मोठ्यानं बोलले, अंगणवाडीत पोरांना ओरडते तशी, "बस झालं आता." शेगडी बंद केली. बांगड्यांवर ताट झाकलं आणि ते भांडं उचलून फ्रिजमध्ये ठेवलं. पिठाचा डबासुद्धा फ्रिजमध्ये ठेवला, त्याची काही गरज नव्हती, पण तो डोळ्यांसमोर नको होता. हात तीनदा धुतले तरी मासळीचा वास जाईना. जाऊ दे, म्हटलं, वासासकट जाते. पोहायचे कपडे पिशवीत टाकले, साडीवर लेकीचा कोट चढवला, पायात बूट, आणि बाहेर पडले.

रस्ता मला माहीत नव्हता. इंग्रजी म्हणाल तर ए फॉर ॲपलच्या पुढे फारसं नाही. पण तीस पोरांना लघवीला रांगेत नेणारी बाई आहे मी, एका शहराला काय भिणार? मोठं चर्च लक्षात होतं, तिथवर गेले. मग दिसेल त्याच्यापुढे मोबाईलमधलं तिकीट धरायचं. एका पोरानं डावीकडे दाखवलं, एका बाईनं उजवीकडे. शेवटी काठी घेतलेली एक म्हातारी तिकीट बघून हसली, माझा दंड धरला आणि चालायलाच लागली. ती तिच्या भाषेत बोलत होती, मी माझ्या. तिनं तिच्या गुडघ्यावर हात मारून दाखवला, मी माझ्या. दारापाशी मला सोडून ती आल्या वाटेनं परत गेली.

आत काउंटरवरच्या पोरीनं घड्याळ दाखवलं. पाऊण तास उलटून गेला होता. ती काहीतरी समजावत होती, बहुधा हेच की वेळ वाढवून मिळणार नाही. मी म्हटलं, "फॅमिली इनसाइड. आय गो." तिनं माझ्याकडे बघितलं, कोटाखालच्या साडीकडे बघितलं, आणि एक पंचा, एक झगा, चपला आणि मनगटात घालायचा पट्टा माझ्या हातात दिला.

कपडे बदलायच्या खोलीत मोठा आरसा होता. मी मुद्दाम बघितलं. त्रेपन्न वर्षांची बाई, पोट सुटलेलं, पोटऱ्यांवर निळ्या शिरा, काळे घट्ट कपडे, गळ्यात मंगळसूत्र. माझ्या पोटऱ्या दिवसाउजेडी परक्या माणसानं कधी बघितल्या नव्हत्या. लाज वाटली का? वाटली. पण राग लाजेपेक्षा वरचढ होता, त्यानंच मला वर ढकललं.

गच्चीवर गार वारा होता आणि पाण्यावर वाफ. चर्चचा मनोरा अगदी समोर. दहा-पंधरा माणसं छातीभर पाण्यात उभी, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मी झगा काढून खुंटीला लावला, कठड्याला धरलं आणि एक एक पायरी उतरले. पहिल्या पायरीला पाणी घोट्याला लागलं. गणेशपुरीच्या मानानं कोमटच म्हणायचं, तिकडच्या बायका सांगतात की पहिल्यांदा पाय भाजतो. पण पाणी गुडघ्यांच्या वर आलं आणि माझे डोळे भरून आले. दुखत नव्हतं. मला आठवत नाही इतक्या वर्षांनी, दुखत नव्हतं. कंबर बुडाली, मग खांदे. मी तोंडानं "आई गं" म्हटलं आणि तशीच उभी राहिले.

तोवर नवऱ्यानं मला बघितलं होतं. लेक आणि जावई पलीकडच्या टोकाला होते. तो पाणी कापत माझ्याकडे आला, चेहरा असा की घराला आग लागलीय.

"तू इथं? आणि कालवण?"

"बांगडे फ्रिजमध्ये हायेत."

"मग जेवायचं काय?"

"तुमी बघा."

त्यानं इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाला की हे कपडे काय, लोक बघतायत. मी म्हटलं, बघू देत, तुमच्या उघड्या पोटाकडे बघून झालं की माझ्याकडे बघतील. त्यावर तो थोडा नरमला. आणि मग समजुतीच्या सुरात, मला शहाणपण शिकवावं तसं, तो म्हणाला, "एवढा हट्ट कशापायी? गणेशपुरीला दरसाली उतरतेस की पाण्यात."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. तो थट्टा करत नव्हता. त्याला खरोखर वाटत होतं. अठ्ठावीस वर्षं हा माणूस ओल्या अंगानं येऊन माझ्यासमोर बसला, माझ्या हातून भाकरी घेतली, आणि माझे केस कोरडे आहेत हे त्याला एकदाही दिसलं नाही. मला वाटायचं, त्याला ठाऊक आहे आणि तो दुर्लक्ष करतो. त्यावर मी वर्षानुवर्षं मनात भांडले होते. त्याला ठाऊकच नव्हतं, हे तर त्याहून वाईट निघालं.

"एकदा पण न्हाय," मी म्हटलं.

"असं कसं? मग तू कुठं असायचीस?"

"चुलीजवळ. तुमी जेवत होतात तिथंच."

तो आठवायला लागला. ज्या साली लेक पहिल्यांदा आली होती, ज्या साली टेम्पो पंक्चर झाला होता, ज्या साली पाव्हणे होते. प्रत्येक वेळी मी म्हटलं, न्हाय. चौथ्या-पाचव्या वेळेला तो थांबला. माझ्याकडे बघायचं त्यानं बंद केलं आणि पाण्यावर हात फिरवत राहिला. मला त्याची दया आली नाही. आली असती तर मी वर निघून भाकऱ्या टाकायला गेले असते.

थोड्या वेळानं त्याला भूक लागली. तो म्हणाला, चल, झालं ना आता, भिजलीस ना. मी म्हटलं, तुम्ही जा. तो पायऱ्यांपर्यंत गेला, परत वळून बघितलं. मी हनुवटीपर्यंत पाण्यात बसले होते. लेक माझ्याजवळ आली, खांद्याला खांदा लावून बसली. बाहेर काढायला तिथल्या पोरीनं घंटा वाजवली तेव्हाच मी उठले. दुपारी चौघांनी बाहेर उकडलेले बटाटे खाल्ले. नवऱ्यानं ते मुकाट्यानं खाल्ले.

आता खरी गंमत. लेकीनं गच्चीवरून बाहेर पडताना झग्यातला माझा फोटो काढला होता, ओले केस, लाल तोंड, आणि तो तिनं उत्साहाच्या भरात घरच्या ग्रुपवर टाकला. रविवारी सकाळी उठून बघते तर ग्रुपवर दोनच उत्तरं. धाकट्या जावेनं एक अंगठा दाखवला होता, नणंदेनं लिहिलं होतं की वहिनींना आता इंग्लंड लागलं. आणि मग शेलारहून व्हिडिओ कॉल आला, तिकडे दुपार होती. फोन नणंदेनं लावला होता पण समोर धरला सासूच्या. सासू ऐंशीच्या पुढची, पलंगावर बसलेली, डोक्यावर पदर. नवऱ्यानं मला खूण केली की तू बोल, तुझं तू निस्तर.

मी तयारच होते. अठ्ठावीस वर्षांचं सगळं जिभेवर येऊन बसलं होतं. चूल तुम्ही दिलीत, बांधून तुम्ही घातलंत, एका शब्दानं बोललात तर आज मी सगळं ऐकवणार, असं ठरवून मी फोन हातात घेतला. सासूनं डोळे बारीक करून मला न्याहाळलं. नणंदेला म्हणाली, तू जरा भायेर जा. ती गेल्याची खात्री केली. मग फोनच्या अगदी जवळ आली, इतकी की मला तिचं नाक आणि एक डोळाच दिसत होता.

"कसं लागतं गो अंगाला?" तिनं विचारलं.

मला आधी कळलंच नाही. मग माझ्या ध्यानात आलं. माझ्या आधी त्या घरची थोरली सून कोण होती? ही. माझ्या हातात उलथनं यायच्या आधी तीस वर्षं त्या चुलीपुढे कोण बसलं होतं? आणि मी आल्यावर, चूल सुटल्यावर, मी तिला कुंडाकडे जाताना कधी बघितलं होतं? कधीच नाही. नैवेद्याचं ताट झाकून ती माझ्या बाजूला बसायची, भाकरी जाड झाली म्हणायची, आणि मला वाटायचं ती माझ्यावर पहारा देते.

जिभेवरचं सगळं तिथंच राहिलं. मी तिला सांगितलं, खरं खरं. की आधी पायाला कळतं, मग गुडघे सुटल्यासारखे वाटतात, आणि खांदे बुडले की रडू येतं. ती ऐकत होती. मध्येच तिनं विचारलं, दम लागतो का. मी म्हटलं, न्हाय लागत. मग मी नवऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं, "आई, यंदा गणेशपुरीला मी चूल पेटवणार न्हाय. आपण दोघी पाण्यात जायाचं."

तो एक डोळा माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता देवीचं नाव घेईल, रीत सांगेल.

"चूल पेटंल की," सासू म्हणाली. "पोरांना हात न्हाईत?"